निवृत्तीनंतर कोथरूड की कुडाळ? हिशेब मांडलाय, चुकत असेल तर सांगा

मार्चनंतर_मोकळा: मार्चमध्ये निवृत्त होतोय. कोथरूडला ६५० फुटांचा फ्लॅट, कुडाळजवळ वडिलोपार्जित घर. पुण्यात मालमत्ता कर वर्षाला १२ हजार, सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याला ३,५००. म्हणजे नुसतं घरात बसायचे वर्षाला ५४ हजार! गावी घरपट्टी-पाणीपट्टी मिळून दोन हजारांच्या आत. फ्लॅट भाड्याने देऊन गाव गाठावं, असं माझं मत. सौ. तयार नाही.

पेठकर: काका, त्या १२ हजारांत ४० टक्के सवलत धरलेली आहे, आणि ती स्वतः राहणाऱ्यालाच मिळते. घरात स्वतः राहतो असं महापालिकेला कळवायचा पीटी-३ फॉर्म आठवतोय ना? भाडेकरू आला की सवलत गेली, बिल २० हजारांच्या घरात.

मुलुंडची_माई: आमचं घर ४६० फुटांचं. मुंबईत ५०० फुटांपर्यंत २०२२ पासून मालमत्ता कर माफ. तरी सोसायटी महिन्याला पाच हजार घेतेच: लिफ्ट, वॉचमन, पाणी. कराच्या आकड्यावरून गाव ठरवू नका.

वाडीकर: पुणेकर-मुंबईकर घाबरवतायत तुम्हाला. वरचे आठ हजार भाड्यातच जिरतील. तांदूळ, नारळ, कोकम घरचं, मासे दारात. पासष्टी झाली की एसटीत अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीनंतर फुकट. या बिनधास्त.

परत_आलेला: मीही 'बिनधास्त'च गेलो होतो, सावंतवाडीकडे. तीन वर्षं काढली. घरपट्टी चहापाण्याइतकी, कबूल. पण दरवर्षी मे महिन्यात कौलं परतायला माणूस शोधा, माकडांनी फोडलेली पुन्हा घाला, विहिरीचा पंप गाळात. गडी मिळत नाही, मिळाला तर आपल्या सोयीने येतो. आणि बायकोच्या छातीत दुखलं तेव्हा रात्री गाडी काढून थेट गोव्यात, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात. तो रस्ता मी विसरलेलो नाही.

वाडीकर: ओरोसला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे हो. आणि कोथरूडातून संध्याकाळी सात वाजता ॲम्ब्युलन्स काढून दाखवा!

परत_आलेला: ट्रॅफिकचं मान्य. पण तिथे हाक मारली तर शेजारी कोण? आमच्या वाडीत निम्म्या घरांना गणपती सोडले तर बाराही महिने कुलूप.

वाडीकर: म्हणान तर येवा म्हणतंय. घर बंद ठेवलां की वाळवी लागता.

मुलुंडची_माई: वहिनी का तयार नाहीत, ते कुणी विचारलंच नाही.

मार्चनंतर_मोकळा: विचारलं आत्ता. म्हणाली, "मेंटेनन्समध्ये जिना झाडणारी बाई येते. गावचं खळं रोज कोण झाडणार, ते तुमच्या हिशेबात कुठे आहे?" भाडेकरूशी बोलणं तूर्त थांबवलंय. जून ते सप्टेंबर आधी गावी राहून बघतो, फ्लॅटला कुलूप लावून. झाडू माझ्याकडे, या अटीवर.