आठवीचं विज्ञान, वार्षिक परीक्षेला दहा दिवस: उजळणी कुठून सुरू करावी?

उजळणी_हवी

मुलगी आठवीत आहे. वार्षिक परीक्षेला दहा दिवस उरलेत आणि पेपरात सहावी-सातवीच्या मूळ संकल्पनाही गृहीत धरलेल्या असतात. पुस्तक दोनदा वाचून झालंय, व्याख्या तोंडपाठ आहेत, तरी सराव पेपरात ४० पैकी २३. उत्तरपत्रिकेत या चुका सापडल्या:

– बर्फ वितळत असताना उष्णता देत राहिलं तर तापमान वाढतं, असं लिहिलंय.
– "वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन" हे विधान बरोबर ठरवलंय.
– अर्धं अंतर ताशी ४० किमीने, अर्धं ताशी ६० किमीने; सरासरी चाल ५०.
– एकसर जोडलेल्या दोन सारख्या बल्बांत "पहिल्यात थोडी धारा खर्च होते, म्हणून दुसरा मंद लागतो".
– रासायनिक समीकरण संतुलित करताना रेणुसूत्रातलाच आकडा बदललाय.

पुस्तक तिसऱ्यांदा वाचून घ्यावं, की नुसती गणितं सोडवून घ्यावीत? कोणता भाग आधी?

दोलक

तिसऱ्यांदा वाचू नका. ओळखीचा मजकूर वाचताना सगळं येतंय असं वाटत राहतं, आणि पुस्तक मिटल्यावर हात अडतो. क्रम उलटा करा. आधी कोऱ्या कागदावर धड्यातलं आठवेल तेवढं लिहायला सांगा, आकृत्या आणि सूत्रांसकट. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. लाल दिसेल तेवढाच अभ्यास उरलाय. तोच धडा एक दिवस सोडून पुन्हा कोऱ्या कागदावर, आणि त्यानंतर चार दिवसांनी.

तुमची यादी पाहता व्याख्या कच्च्या नाहीत, शेजारशेजारच्या संकल्पनांची गल्लत होतेय. म्हणून धड्यांच्या क्रमाने जाण्यापेक्षा जोड्या करा: वस्तुमान-वजन, उष्णता-तापमान, अंतर-विस्थापन, धारा-विभवांतर, अणू-रेणू, मिश्रण-संयुग, श्वसन-श्वासोच्छ्वास. प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारा: यातलं एक बदललं आणि दुसरं तसंच राहिलं, असं कधी होतं? वस्तुमान १० किलोग्रॅमच, पण वजन पृथ्वीवर ९८ न्यूटन आणि चंद्रावर साधारण १६. मैदानाची ४०० मीटरची फेरी पूर्ण केली की अंतर ४०० मीटर, विस्थापन शून्य. असं उदाहरण स्वतःहून देता आलं तर ती जोडी पक्की समजा.

उष्णता-तापमानाची जोडी पुढे जाण्याआधी निकालात काढा, कारण बाष्पीभवन आणि उत्कलनाचे प्रश्नही तिच्यावरच उभे असतात. एकच गणित पुरतं: उणे १० अंश सेल्सिअसच्या १० ग्रॅम बर्फाचं २० अंशाचं पाणी करायला किती उष्णता लागेल? आलेख काढून तीन तुकडे करायचे.

पहिला, बर्फ उणे १० वरून ० अंशावर: १० × ०.५ × १० = ५० कॅलरी. ०.५ ही बर्फाची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक ग्रॅमचं तापमान एक अंशाने वाढवायला लागणारी उष्णता. मुलं इथे सवयीने पाण्याची १ वापरतात.
दुसरा, ० अंशाला बर्फाचं पाणी: १० × ८० = ८०० कॅलरी. ८० म्हणजे एक ग्रॅम बर्फ वितळायला लागणाऱ्या कॅलरी. या तुकड्यात तापमानातला फरक येतच नाही, आलेखाची रेषा आडवी.
तिसरा, पाणी ० वरून २० अंशावर: १० × १ × २० = २०० कॅलरी.

एकूण १०५० कॅलरी, आणि त्यातल्या ८०० तापमापीला अजिबात दिसल्या नाहीत. त्या रेणूंमधली बांधणी सैल करण्यात गेल्या. हे आकडे स्वतः मांडले की "वितळताना तापमान वाढतं" असं पुन्हा लिहिलं जात नाही. पाण्याची वाफ होताना दर ग्रॅमला ५४० कॅलरी लागतात, म्हणून तिथली आडवी रेषा आणखी लांब येते.

सरासरी चालीसाठी: प्रत्येक अर्धं अंतर १२० किमी धरा. पहिल्याला ३ तास, दुसऱ्याला २ तास. २४० भागिले ५ म्हणजे ४८. कमी चालीने जास्त वेळ गेला, म्हणून सरासरी त्या बाजूला झुकली. ५० हे उत्तर अर्धा *वेळ* ४० ने आणि अर्धा वेळ ६० ने गेलं तरच येतं. प्रश्नात "अंतर" आहे की "वेळ", त्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लावा.

पिपेट

जोड्यांची कल्पना पटली. रसायनाचं मी सांगतो.

रेणुसूत्रातला आकडा बदलणं ही फार सर्रास चूक आहे. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचा १ अणू. ऑक्सिजन कमी पडला म्हणून तिथे २ केले की ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. म्हणजे समीकरण संतुलित झालंच नाही, पदार्थच बदलला. हात फक्त सूत्राच्या आधीच्या आकड्याला लावायचा.

ज्वलनाची समीकरणं या क्रमाने: आधी कार्बन, मग हायड्रोजन, शेवटी ऑक्सिजन. ऑक्सिजन शेवटी, कारण डावीकडे तो एकटा असतो. त्याचा गुणांक बदलला तरी बाकीचं बिघडत नाही. प्रोपेनच्या रेणूत ३ कार्बन, ८ हायड्रोजन. म्हणून उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे ३ आणि पाण्याचे ४ रेणू. त्यात ऑक्सिजनचे अणू ६ + ४ = १०, म्हणजे डावीकडे ऑक्सिजनचे ५ रेणू. संपलं. आता इथेन द्या: २ कार्बन, ६ हायड्रोजन. कार्बन डायऑक्साइड २, पाणी ३, ऑक्सिजनचे अणू ७, म्हणजे साडेतीन रेणू. अर्धा आला की सगळ्या समीकरणाला २ ने गुणायचं: इथेन २, ऑक्सिजन ७, कार्बन डायऑक्साइड ४, पाणी ६. ही दोन समीकरणं न बघता जमली की पुढे दहा करत बसायची गरज नाही.

भौतिक आणि रासायनिक बदल ओळखताना "बुडबुडे आले म्हणजे रासायनिक" हा ठोकताळा सोडून द्या. उकळत्या पाण्यातले बुडबुडे वाफेचे असतात, पदार्थ तोच. मॅग्नेशियमच्या फितीवर आम्ल टाकल्यावर येणारे बुडबुडे हायड्रोजनचे, तो नवा पदार्थ. प्रश्न एकच: बदलानंतर नवा पदार्थ तयार झाला का?

सामूवर (pH) हमखास फसवणारा प्रश्न येतो. सामू ३ चं द्रावण सामू ५ च्या द्रावणापेक्षा १०० पट आम्लधर्मी असतं, कारण प्रत्येक एककाला १० पट फरक पडतो.

हरितलवक

श्वसनाच्या चुकीचं मूळ बहुतेक वेळा व्याख्येत नसून बाणांच्या आकृतीत असतं. आकृतीत दिवसा कार्बन डायऑक्साइड आत आणि ऑक्सिजन बाहेर, रात्री उलट, एवढंच दाखवतात. ती वायूंची निव्वळ देवाणघेवाण झाली. प्रत्यक्षात श्वसन चोवीस तास चालू असतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्याने ते झाकलं जातं, इतकंच.

मुलीला दोन रकाने करायला सांगा: हरितलवक (इथे प्रकाशसंश्लेषण) आणि तंतुकणिका (इथे श्वसन). कुठे काय आत जातं, काय बाहेर येतं, ऊर्जा साठवली जाते की मोकळी होते. वनस्पती पेशीच्या आकृतीत दोन्ही काढायची. वनस्पती पेशीत तंतुकणिका दाखवायची राहून जाते, आणि तिथूनच "झाडं रात्रीच श्वसन करतात" हे पक्कं होतं.

परासरणात पाणी कुठून कुठे जातं हे पाठ करण्यापेक्षा "पाण्याचे रेणू जिकडे जास्त दाट तिकडून विरळ बाजूला" असं धरलं की मनुका फुगणं आणि मिठाच्या पाण्यात आकसणं दोन्ही सुटतं. निवडक्षम पारपटल, म्हणजे काही रेणूंनाच जाऊ देणारा पडदा, लिहिलं नाही तर गुण जातो.

बाकी जीवशास्त्र आकृत्यांवर उरकतं. नावं देताना रेघा एकमेकींना छेदू नयेत आणि टोक नेमक्या भागाला टेकलेलं असावं.

मोजपात्र

एक मतभेद नोंदवतो. दहा दिवसांत सगळ्या जोड्या सारख्या वेळात करायला जाऊ नका. २३ गुण मिळालेल्या पेपरातले गेलेले १७ गुण तीन ढिगांत घाला: कल्पनाच चुकली, आकडेमोड किंवा एकक चुकलं, प्रश्न नीट वाचला नाही. दुसरा ढीग मोठा निघाला तर दोलक यांचा कोरा कागद फारसा कामाचा नाही. त्याला रोज सहा-सात गणितंच हवीत.

एककांत सर्वात जास्त नडतो तो ताशी किमी आणि सेकंदाला मीटरचा बदल. ताशी १८ किमी म्हणजे सेकंदाला ५ मीटर, एवढी एक जोडी लक्षात ठेवली की ३६ ला १०, ७२ ला २० असं तोंडी निघतं.

प्रयोगावरच्या प्रश्नांकडे कुणी बघत नाही, आणि ते सोपे गुण आहेत. कोणता घटक आपण बदलला, कोणता मोजला, कोणते तसेच ठेवले, ही तीन वाक्यं प्रत्येक प्रयोगाला लिहून पाहा. मोजपात्रातलं पाणी वाचताना डोळा पातळीच्या रेषेत आणि वक्राचा तळ वाचायचा. पारा असेल तर वक्राचा माथा.

खगोलशास्त्राला अर्धा तास पुरे, पण दोन गोष्टी तपासा. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होत नाहीत, सावलीमुळे ग्रहण होतं. आणि ऋतू सूर्यापासूनच्या अंतरामुळे होत नाहीत, आस २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे होतात. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला.

उजळणी_हवी

सगळ्यांचे आभार. ढीग केले: कल्पना १०, एकक ३, वाचण्यातली चूक ४. म्हणजे कोरा कागद चालू ठेवतो. बर्फाचं गणित तिने स्वतः मांडलं. बल्बवर मात्र गाडी अडली. धारा खर्च होत नाही म्हटल्यावर तिने विचारलं, "मग सेल संपतो कसा?"

दोलक

प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी आलाय. खर्च होते ती ऊर्जा. प्रभार सेलच्या एका टोकातून जितका निघतो तितकाच दुसऱ्या टोकात परत येतो. सेलमधली रसायनं प्रत्येक फेरीत त्याला ऊर्जा देतात आणि बल्ब ती प्रकाश-उष्णतेत बदलतात. रसायनं वापरली गेली की सेल संपला.

आकड्यांत: ६ व्होल्टची बॅटरी, प्रत्येकी ३ ओहमचे दोन बल्ब. एकसर जोडणीत एकूण रोध ६ ओहम, धारा १ अँपिअर. पहिल्या बल्बाच्या आधी, दोघांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या नंतर, तिन्ही ठिकाणी अमीटर लावला तरी १ अँपिअरच. वाटून घेतले जातात ते व्होल्ट, प्रत्येकाला ३. म्हणून दोन्ही सारखेच, पण एकट्या बल्बापेक्षा मंद. समांतर जोडणीत प्रत्येकाला पूर्ण ६ व्होल्ट, प्रत्येकातून २ अँपिअर, बॅटरीतून ४. दोन्ही लख्ख, आणि बॅटरी लवकर संपणार. एक बल्ब काढला तर एकसर जोडणीत दुसरा विझतो, समांतरमध्ये तसाच राहतो.

हे लिहून झालं की तिला एक बल्ब ३ ओहमचा आणि दुसरा १ ओहमचा देऊन एकसर जोडायला सांगा, कागदावरच. धारा दीड अँपिअर. एकाला साडेचार व्होल्ट, दुसऱ्याला दीड. मंद लागतो तो १ ओहमचा. आता दोघांच्या जागा बदला: तरीही मंद तोच. "पहिला" आणि "दुसरा" या शब्दांचा संबंध नाही हे ती इथे स्वतःच म्हणेल.