एम.ए. (समुपदेशन मानसशास्त्र) झालंय, आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणीचा नंबर नाही. क्लिनिकमध्ये नेमकं काय करता येतं?

नवी_पाटी

मागच्या वर्षी एम.ए. झालं. सध्या एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये आहे. केस हिस्टरी घेते, समुपदेशन करते आणि शाळांनी पाठवलेल्या मुलांची बिने-कामत ही बुद्ध्यांक चाचणी घेते. गेल्या आठवड्यात सरांनी दाराबाहेर पाटी लावली. माझ्या नावाखाली 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहिलंय. मी म्हटलं, सर, मी ती नाहीये. ते म्हणाले, पेशंटला फरक कळत नाही.

बुद्ध्यांकाचे रिपोर्ट मीच लिहिते. आरसीआय असलेल्या एक मॅडम अधूनमधून येतात आणि साठलेल्या गठ्ठ्यावर सह्या-शिक्के करून जातात. एक मैत्रीण म्हणते, लायसन नसेल तर काहीच करता येत नाही. दुसरी म्हणते, डॉक्टरांच्या हाताखाली असलं की सूट असते. ही सूट कुठे लिहिलीय, कुणी सांगेल का?

मनमोकळे

आपल्याकडे समुपदेशकाला लायसन लागतच नाही. अर्धं गाव कौन्सिलर आहे. बिनधास्त करा.

कोपऱ्यातली_खुर्ची

मनमोकळे यांचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात ही मुलगी अडकेल.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, बरीच वर्षं सरकारी रुग्णालयात होतो. आधी त्या 'सूट असते' म्हणण्याचं बघू. डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं की नोंदणी माफ, असं आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. अमेरिकेतल्या राज्यांमध्ये तशी कलमं असतात. विद्यार्थी, प्रशिक्षणार्थी, काही ठिकाणी शाळा-विद्यापीठांतले कर्मचारी यांना परवान्यातून वगळतात आणि प्रशिक्षणार्थींसाठी देखरेखीचे नियमही घालून देतात. तिथलं काहीतरी वाचायचं आणि इथेही तसंच असेल असं धरून चालायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. आपल्याकडे कायद्याने एका वाफ्याला कुंपण घातलंय आणि बाकीचं रान मोकळं सोडलंय. तुम्ही त्या मोकळ्या रानात आहात. तिथे सूट मिळण्याचा प्रश्नच येत नाही, कारण सूट द्यायला कुणी बसलेलंच नाही.

कुंपण घातलंय दोन कायद्यांनी. पहिला 1992 चा, आरसीआयचा. केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम केलं, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्यातच येतात, तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजाराचा आकडा वाचून हसू नका, आधीचा शब्द वाचा. दुसरा 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, 29 मे 2018 पासून लागू. त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याच दिली आहे: आरसीआयमान्य संस्थेतली क्लिनिकल सायकॉलॉजीची मान्य पात्रता, किंवा मानसशास्त्रात एम.ए. आणि त्यावर दोन वर्षांची पूर्णवेळ, देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासहित एम.फिल. नुसतं एम.ए. त्यात बसत नाही. याच कायद्याचं कलम 106 सांगतं की आपल्या व्यवसायाच्या कक्षेबाहेरचा उपचार कुणी सुचवायचा नाही. सर मोठे डॉक्टर असतील, पण त्यांच्या पदवीने तुमचं पद बदलत नाही.

तेव्हा पाटी उतरवा. 'समुपदेशक, एम.ए. (समुपदेशन मानसशास्त्र)' एवढं लिहा. रोगनिदान लिहू नका, औषधाबद्दल बोलू नका. समुपदेशन करा, केस हिस्टरी घ्या, त्याला हरकत नाही.

मला जास्त खटकतो तो गठ्ठा. बिने-कामत तुम्ही घेतली, मूल तुमच्यासमोर होतं. आकडे उलटे म्हणताना ते मध्येच थांबलं, ते येत नव्हतं म्हणून की बाहेर बसलेले वडील खाकरले म्हणून, हे गुणांच्या तक्त्यावर दिसत नाही. बुद्ध्यांक 68 आला की 72, यावर त्या मुलापुढे कुठलं नाव लागेल आणि शाळा त्याला कुठे बसवेल हे ठरतं. ज्या बाईंनी मूल पाहिलेलंच नाही, त्यांचा शिक्का म्हणजे देखरेख नव्हे. त्या दिवशी त्यांनी मुलाला भेटावं, तुमची मूळ उत्तरपत्रिका ओळीने तपासावी आणि रिपोर्टमध्ये 'चाचणी घेतली' आणि 'अर्थ लावून तपासलं' अशी दोन नावं वेगवेगळी यावीत. हे होत नसेल तर रिपोर्ट लिहायला नकार द्या. तक्रार झाली तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल, मूल कुणी पाहिलं म्हणून.

दुपारची_वेळ

अगं, मी तुझ्यासारखीच, एम.ए. आणि स्वतःची छोटी प्रॅक्टिस. आपल्याला देखरेख कायद्याने बंधनकारक नाही, म्हणून ती आपणच लावून घ्यायची असते. मी एका ज्येष्ठ मॅडमना फी देऊन नियमित भेटते. केस छान चाललीय हे सांगायला नाही. जिथे मी गडबडते, चिडते, किंवा ज्या क्लायंटची मला जरा जास्तच काळजी वाटते, ते घेऊन जाते.

एक क्लायंट नेहमी रडत येणारी. एका दिवशी एकदम शांत आली. म्हणाली, आता सगळं आवरून ठेवलंय, दागिनेसुद्धा बहिणीकडे दिले. मला बरं वाटायला लागलं होतं, पण त्या शेवटच्या वाक्याने पोटात गोळा आला. तिला बसवून ठेवलं आणि बाहेर येऊन मॅडमना फोन केला. त्यांनी थेट विचार असं सांगितलं, शब्दही दिले. मी जिवाबद्दल सरळ विचारलं, ती हो म्हणाली. बहिणीला बोलावून घेतलं आणि तिघी मिळून डॉक्टरांकडे गेलो.

तुझ्या सरांशी किंवा त्या मॅडमशी बोलणार असशील तर कागदावर घे: भेट कधी, किती वेळ, मध्येच अडलं तर फोन कुणाला, त्या सुट्टीवर असतील तर कुणाला. आणि क्लायंटला पहिल्याच दिवशी सांग की तुझी केस मी माझ्या वरिष्ठांशी बोलते. गुप्ततेचा हक्क 2017 च्या कायद्यात कलम 23 मध्ये आहे, त्यामुळे नावगाव झाकूनच बोलायचं.

नवी_पाटी

खूप आभार, सर आणि ताई. आज सरांशी बोलले. पाटी बदलायला तयार झाले, कुरकुरत का होईना. गठ्ठ्याचं मात्र 'बघू' म्हणाले. दरम्यान एका कोचिंग क्लासमधून विचारणा आलीय. तिथे आरसीआय लागेल का?

कोपऱ्यातली_खुर्ची

क्लासमधल्या समुपदेशनाला नाही. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबाबत जे निर्देश दिले, त्यात 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असं आहे, आणि त्याचं मुलं-किशोरांच्या मानसिक आरोग्यातलं प्रशिक्षण दाखवता यायला हवं. तेव्हा मुलाखतीत तुम्हीच विचारा: मुलं किती, समुपदेशक किती, जास्त गंभीर केस पाठवायची कुठे. 'आधी तुम्ही या, मग ठरवू' असं उत्तर आलं तर जाऊ नका. फीची वसुली आणि गळती थांबवणं हेच काम समुपदेशकाच्या माथी मारणारे क्लास मी पाहिलेत.

गठ्ठ्यावर 'बघू' चालणार नाही. तारीख मागा.

शिवाय 2021 चा सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग कायदा वाचून ठेवा. त्याच्या अनुसूचीत आरसीआयखालचे क्लिनिकल सोडून बाकीचे सायकॉलॉजिस्ट आणि बरेच समुपदेशकही घेतलेत, म्हणजे मोकळ्या रानालाही नोंदवही येणार. इंटर्नशिपची पत्रं आणि देखरेखीच्या तासांची सहीनिशी वही आत्तापासून ठेवा.

आणि पुढे क्लिनिकलकडेच वळायचं असेल, तर एम.फिल.ला यूजीसीने 2025-26 पर्यंतच मुदत दिली होती. त्याच्या जागी येणाऱ्या अभ्यासक्रमाला फी भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव आणि त्या वर्षाची मान्यता दोन्ही बघा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर छापलेला लोगो पुरेसा नाही.