हात पुरेल असं घर: मुलं लहान असताना घराचं काम काढलेल्यांचे अनुभव

काम संपवून आम्ही राहायला आलो त्याला चार महिने झाले. त्याआधीचे सहा महिने रंग, फरशी, कपाटांचे लॅमिनेट याशिवाय डोक्यात काही नव्हतं, आणि हे सगळं मुलांसाठीच चाललंय असं मी सगळ्यांना सांगत होते. तिसऱ्याच रात्री आमचा चार वर्षांचा मुलगा बाथरूमला जायला उठला आणि पॅसेजमधून हाक आली, "आई, हात पुरत नाही." जाऊन बघते तर भिंतीला पोट चिकटवून, टाचा उंच करून उभा. बोटं बटणाच्या चार अंगुळं खाली. दिवा लावेपर्यंत चड्डी ओली झाली होती आणि तो रडायला लागला होता.

सकाळी टेप घेऊन घरभर हिंडले. टॉवेलची दांडी, पाण्याचे पेले, कपड्यांचे हँगर, बेसिनवरचा आरसा. रोज लागणारी एकही वस्तू त्याच्या हाताला येत नव्हती. दिवसभर "आई दे, आई काढ" चालायचं, त्याला मी त्याचा स्वभाव समजत होते. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये आपली पहिली बालशाळा उघडली, तेव्हा दोन चिमुरडी मिळून उचलू शकतील इतकी हलकी टेबलं आणि मुलांच्या उंचीचं हात धुण्याचं बेसिन करून घेतलं होतं. हे मी पूर्वी वाचलेलं होतं. घर करताना आठवलं नाही, याची फार रुखरुख लागली आहे.

म्हणून विचारते. मुलं लहान असताना ज्यांनी घराचं काम काढलं, त्यांनी काय केलं? काय चुकलं? पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं कराल? फोटोत छान दिसलं यापेक्षा राहून कसं वाटलं ते लिहा.

* * *

बटणांचं सांगते. आम्ही दिव्यांची सगळी बटणं फरशीपासून १ मीटरवर घेतली. वायरमनदादा म्हणाले, "ताई, मुलं दिवसभर चालू-बंद करत बसतील." बसली, आठ दिवस. मग नवलाई संपली आणि आता खोलीतून निघताना दिवा बंद करायची सवय मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त आहे. प्लगचे सॉकेट मात्र आत झडप असलेलेच घ्या. आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आहे ना, हे स्वतः उभं राहून बघा. एमसीबी जादा भारापासून वायरिंगला वाचवतं. माणसाच्या अंगातून वीज जायला लागली तर ती ओळखून तोडायचं काम आरसीसीबीचं. आमच्या जुन्या बोर्डात ते नव्हतंच, आणि इतकी वर्षं आम्हाला पत्ता नव्हता.

* * *

मला धुळीबद्दल लिहायचंय. जरा लांबेल, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमचं घर जुनं. खिडक्यांच्या लाकडी चौकटींवर ऑइलपेंटचे पाच-सहा थर चढलेले. नवा रंग नीट बसावा म्हणून रंगारी कोरड्या पॉलिश पेपरने ते घासत होते. आम्ही घर सोडलं नव्हतं. एका खोलीत काम आणि दुसऱ्या दोन खोल्यांत आम्ही, मध्ये दाराला चादर लावलेली. मुलगी अकरा महिन्यांची, नुकती भरभर रांगायला लागलेली. संध्याकाळी काम थांबलं की मी झाडूने सगळं लोटून काढायचे. उन्हाची तिरीप आली की ती धूळ हवेत तरंगताना दिसायची. मुलीचे गुडघे आणि तळवे कायम पांढुरके, आणि तेच तळवे तोंडात. मी दिवसातून दहादा पुसत होते, पण ही कसली धूळ आहे हा विचार मनात आला नाही.

लशीसाठी गेलो तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं, घरी काही काम चालू आहे का? मी उत्साहाने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं, ते घासलं की त्याची भुकटी होते, आणि लहान मुलांचं शरीर ते मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषून घेतं, हे मला त्या दिवशी कळलं. रक्तात शिशाची अमुक एक पातळी सुरक्षित, असं मानलं जात नाही. तिचा आकडा असायला हवा होता त्याहून जास्त आला. त्याच संध्याकाळी आम्ही तिला घेऊन बहिणीकडे गेलो आणि काम पूर्ण होईपर्यंत परतलो नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा आकडा उतरला होता. आता ती सहा वर्षांची आहे, शाळेत रमली आहे. तरीही ते तीन महिने मी कशी झोपले ते माझं मला माहीत.

तेव्हा कळकळीने सांगते. जुना रंग असेल तर मुलं आणि गर्भार बाई यांनी त्या काळात तिथे राहू नये. कोरडं घासू देऊ नका, पाणी मारत घासायला सांगा. फरशीवर प्लास्टिक अंथरा आणि धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपा, फडकं दर वेळी धुवा. नवा रंग घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण बघा. जागतिक आरोग्य संघटना ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा सुचवते. रंगाची छटा ठरवायला आम्ही चार संध्याकाळी घालवल्या होत्या. डबा उलटा करून वाचायला दोन मिनिटं लागली असती.

* * *

वरचं वाचून अंगावर काटा आला. ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. आमचं काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय, घर ८० वर्षांचं आहे. आजच रंगाऱ्याशी बोलतो.

* * *

धुळीसारखंच वासाचं. नव्या प्लायच्या कपाटांना जो डोळ्यांना झोंबणारा वास असतो, तो चिकटवायच्या रसायनातून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइडचा. कमी सोडणारा प्लाय मिळतो, त्यावर ई१ किंवा ई० असं लिहिलेलं असतं. आम्ही मुलांची खोली सगळ्यात आधी पूर्ण करून घेतली आणि बाकीचं काम होईपर्यंत सहा आठवडे कपाटाची दारं, ड्रॉवर, खिडक्या उघड्या ठेवल्या. प्लायच्या कापलेल्या कडा आतल्या बाजूनेही पट्टी लावून बंद करून घ्या. सुतार बाहेरची कड करतात, आतली सोडून देतात.

* * *

स्वयंपाकघराची भिंत पाडण्याबद्दल कुणीतरी लिहील म्हणून थांबलो होतो, मीच लिहितो.

आमच्याकडे स्वयंपाक मी करतो. भिंत होती तेव्हा माझी पाठ मुलांकडे आणि तोंड टाइल्सकडे. आवाज थांबला की पळत बाहेर यायचं, कारण शांतता झाली म्हणजे काहीतरी चाललंय. भिंत पाडली, ओटा फिरवला, आता कापताना-चिरताना दोघं समोर दिसतात. मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ मध्ये फ्रँकफुर्टच्या वसाहतींसाठी अगदी आटोपशीर स्वयंपाकघर आखलं होतं. तिथून बैठकीच्या खोलीत उघडणारं सरकतं दार त्यांनी ठेवलं, ते काम करता करता मुलांवर लक्ष राहावं म्हणून. म्हणजे गरज तेव्हाही हीच होती.

पण आता तोटा. आवाज. मिक्सर, भांडी, नळ, टीव्ही, धाकट्याचं रडणं, सगळं एका खोलीत. मोठी दहा वर्षांची झाली, तिला अभ्यासाला बसायला कोपरा उरला नाही. कान दाबून वाचत बसलेली पाहिली तेव्हा वाईट वाटलं. पुन्हा करायचं झालं तर पूर्ण भिंत पाडणार नाही. अर्धी ठेवीन आणि वर काच, किंवा त्या बाईंसारखं सरकतं दार. सध्या जाड पडदे आणि फरशीवर सतरंजी टाकून घुमणं कमी केलंय, थोडा फरक पडलाय. नुसत्या गुळगुळीत भिंती, काच आणि फरशी असलं की आवाज आदळत राहतो.

* * *

आमचं कपाट पडलं होतं. पाच ड्रॉवरचं, कमरेएवढं. मुलाने खालचे तीन ड्रॉवर ओढले आणि पायऱ्यांसारखा चढला. बाजूला पलंग होता, कपाट त्याच्या कडेवर अडकलं, मूल खालच्या मोकळ्या जागेत राहिलं. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्याच दिवशी घरातलं प्रत्येक उभं फर्निचर एल पट्टीने भिंतीला पक्कं केलं. भिंतीत प्लग ठोकून, स्क्रूने. चिकटपट्टीने नाही. जड वाटतं म्हणून कुठलंही कपाट सोडू नका, ड्रॉवर उघडले की तोल पुढे येतो.

* * *

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चाकाची खुर्ची वापरतो. त्यामुळे "हात पुरत नाही" हे वाचल्यावर थांबलेच.

आम्ही घर घेतलं तेव्हा दारं नेहमीची होती. बाथरूमचं तर इतकं अरुंद, की मी त्याला उचलून आत न्यायचे. तो मोठा होत होता आणि माझी पाठ जात होती, पण खरं कारण ते नव्हतं. एक दिवस तो म्हणाला, "मला शू लागलीय हे सगळ्यांना कळतं." त्यानंतर दुसरं काही आधी करायचा प्रश्नच नव्हता.

खुर्चीला चौकटीच्या आतून निदान ८० सेंटिमीटर मोकळे लागतात, ९० मिळाले तर उत्तम. मोजताना दार उघडून, पानाची जाडी वजा करून मोजायचं, आमच्या गवंड्याने चौकट मोजली आणि ती चूक पुन्हा तोडून दुरुस्त करावी लागली. उंबरे काढले. बाथरूमला पाणी बाहेर येऊ नये म्हणून उतार आतल्या जाळीकडे घेतला. मागच्या दाराला दोन पायऱ्या होत्या, तिथे उतरण केली. १ सेंटिमीटर उंचीला १२ सेंटिमीटर लांबी हा हिशेब धरायचा. आमच्याकडे जागा कमी म्हणून सुतार जरा उभी करूया म्हणत होता, ऐकलं नाही, मध्ये वळण घेऊन लांबी भरून काढली. टेबलाखाली गुडघ्यांना जागा, कपड्यांची दांडी छातीच्या उंचीवर, बेसिनखालचं कपाट काढून टाकलं.

काम झाल्यावर पहिल्या आठवड्यात तो न विचारता धाकटीच्या खोलीत गेला, तिची चित्रकलेची वही घेऊन आला आणि दोघांचं जोरदार भांडण झालं. आजवर तिच्या खोलीत तो कधी एकटा गेलाच नव्हता. मी ओट्याशी उभी राहून ते भांडण पूर्ण ऐकलं.

आणि एक. उंबरे गेले, दारं रुंद झाली, त्याचा फायदा रांगणाऱ्या भाचीला, काठी घेऊन चालणाऱ्या सासऱ्यांना, सगळ्यांनाच झाला.

* * *

मी आजी आहे. मुलाने घर नवं केलं तेव्हा बाथरूममध्ये माझ्यासाठी भिंतीला दांडी बसवून घेतली. सुनेने सुचवलं, एक खालीही बसवूया. आता नात खालची धरते, मी वरची. फरशी खरखरीत घेतलीय, ओल्या पायानेही पाय सरकत नाही. गीझर ५० अंशांवर ठेवलाय. ६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत खोलवर भाजतं, आणि लेकराची कातडी तर आपल्याहून पातळ. बादली मात्र कधी भरून ठेवायची नाही. तोल जाऊन आत पडलेलं वर्षा-दीड वर्षाचं मूल बादलीतून आपणहून वर येऊ शकत नाही. डोकं जड असतं ना. रिकामी करून पालथी घालायची.

* * *

गॅलरीच्या कठड्याला आडवे गज आवडले म्हणून लावले होते. मुलगी दोन वर्षांची झाली आणि त्यांची शिडी झाली. सगळे काढून उभे लावले, दोन गजांमध्ये १० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर. गॅलरीत कुंडी, स्टूल, खुर्ची काही ठेवत नाही.

* * *

आम्ही थीमची खोली केली. गाडीच्या आकाराचा पलंग, भिंतीवर रस्ते, छतावर सिग्नलचे दिवे. मुलगा चार वर्षांचा होता, वेडा झाला होता आनंदाने. सहा वर्षांचा झाला तेव्हा मित्र घरी आले की दार लावून घ्यायला लागला. सगळं सुतारकाम भिंतीत बसवलेलं, निघता निघत नव्हतं. आता भिंती साध्या, पुसता येणाऱ्या सॅटिन रंगाच्या, आणि एकाच भिंतीवर मोठा सॉफ्टबोर्ड. त्यावर काय लावायचं ते तो ठरवतो. आठवड्यात तीनदा बदलतं. धाकटीसाठी दुमजली पलंग घेतला, पण वरती सहा वर्षांच्या आत झोपवायचं नाही म्हणून ती अजून खालीच.

* * *

माझं थोडं वेगळं आहे. मुलगी आठवड्यातून दोन दिवस माझ्याकडे असते. घर दीड खोलीचं, भाड्याचं, भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही. सुरुवातीला ती बॅग घेऊन यायची आणि जाईपर्यंत बॅगेतूनच कपडे काढायची. मग मी खिडकीखाली एक बुटकं कपाट आणलं, तीन कप्पे फक्त तिचे, चावी तिच्याकडे. मी उघडत नाही. आता ती रिकाम्या हाताने येते.

* * *

सगळं वाचलं, काही दोनदा.

वायरमनदादा उद्या येतायत. पॅसेज, बाथरूम आणि मुलाची खोली अशी तीन बटणं खाली घेतोय, आरसीसीबी आहे का तेही त्यांना विचारते. मुलाला भिंतीशी उभं करून त्याच्याकडूनच पेन्सिलने खूण करून घेतली. त्याने आधी नाकासमोर केली, मग विचार करून थोडी वर केली, "मी मोठा होणार आहे ना," म्हणून. ९५ सेंटिमीटर भरले. हँगरची दांडी काल संध्याकाळी खाली आणली, त्यासाठी कपाटाला नवीन दोन भोकं पाडावी लागली, चालेल. ड्रॉवरचं कपाट भिंतीला ठोकायचं राहिलंय, ते आज रात्री.

खुर्चीतल्या मुलाच्या आईंना विचारायचं होतं. बेसिनखालचं कपाट काढल्यावर पाइप उघडे राहिले असतील, गरम पाण्याच्या पाइपवर काही गुंडाळलंत का? शेजारच्यांच्या मुलीसाठी हवं आहे, त्यांचं काम येत्या आठवड्यात सुरू होतंय.

* * *

हो, गुंडाळलंय. गीझरच्या पाइपला लावतात ती काळी फोमची नळी, लांबीत चिरलेली मिळते. प्लंबरलाच सांगा आणायला. माझ्या मुलाला पायांना भाजल्याचं कळत नाही, म्हणून सांध्यापाशीही उघडं ठेवलेलं नाही. त्यांना म्हणावं, बेसिन भिंतीत पक्कं करून घ्या, मुलं त्यावर भार देऊन पुढे सरकतात. आमचं एकदा निखळलं होतं.