मुलीचं उष्टावण पाचव्या महिन्यात करायचं की थांबायचं?

तासगावची आई

माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे. जन्मली तेव्हा २.९ किलो होती, परवा अंगणवाडीत ६.६ भरली. आतापर्यंत फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा दिलेलं नाही.

आता घरात उष्टावणाचा विषय निघालाय. सासूबाई म्हणतात, मुलीचं विषम महिन्यात करतात, पाचवा चालू आहे तोवर उरकून घेऊ. माझा भाऊ रविवारी येणारच आहे, त्याच्या हातून खीर चाटवायची आणि सोमवारपासून पेज सुरू. त्या रागानं किंवा हट्टानं बोलत नाहीत, त्यांची तिन्ही मुलं अशीच वाढली.

मला सहा महिने थांबायचंय, पण मन डळमळतंय. आम्ही जेवायला बसलो की ही प्रत्येक घासाकडे टक लावून बघते, तोंड हलवते. आधी रात्री चार-पाच तास सलग झोपायची, आता दर दोन तासांनी उठते. त्यामुळे जो तो म्हणतो, "दूध पुरत नाही हिला." शेजारच्या काकूंनी त्यांच्या घरचा बेदाणा आणून दिलाय, रात्री भिजवून त्याचं पाणी पाज म्हणतात, कारण ही कधीकधी चार-चार दिवस शी करत नाही. आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. रजा १८० दिवसांचीच, त्यातले तीन आठवडे बाळंतपणाआधीच गेले. म्हणजे मुलगी सव्वापाच महिन्यांची असतानाच मला हजर व्हायचंय. सकाळी साडेनऊला घर सोडलं की परत यायला साडेपाच.

तुम्ही कधी सुरू केलंत, आणि कशावरून ठरवलंत?

कराडची, सध्या जर्मनीत

इथे डॉक्टर सांगतात की पाचवा महिना लागायच्या आधी नको आणि सातवा लागल्यावर उशीर नको. आम्ही साडेपाच महिन्यांना उकडलेल्या गाजरापासून सुरुवात केली, मुलाला काही त्रास झाला नाही. त्यामुळे आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे झाले म्हणून एवढी धास्ती घेऊ नका.

निवृत्त एएनएम, दहिवडी

पोरी, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तू पहिल्याच ओळीत दिलंयस. २.९ ची मुलगी साडेचार महिन्यांत ६.६ झाली. बहुतेक बाळांचं वजन पाचव्या महिन्याच्या आसपास दुप्पट होतं, तुझी त्याच्याही पुढे आहे. दिवसभरात सहा-सात वेळा लघवी होत असेल तर दूध पुरतंय, कुणी काहीही म्हणू दे. या वयात रात्रीची झोप मोडतेच, पेज पाजून ती सलग झोपेल अशी आशा धरू नकोस. आणि ताटाकडे तर या वयाची सगळीच बाळं बघतात. त्यांना माणसाचं तोंड हलताना बघायला आवडतं, तेवढ्यावरून भूक ठरत नाही.

उष्टावणावरून सासूबाईंशी वाद घालूच नकोस. विषम महिना हवा ना? मग सहा महिने पूर्ण झाले की दुसऱ्याच दिवशी सातवा लागतो, आणि सातवाही विषमच. जन्मतारखेपासून १८० दिवस मोज, कॅलेंडरवर खूण कर आणि त्याच्या पुढचा रविवार भावाला कळव. माण-खटावच्या वाड्यावस्त्यांवर सरकारी नर्स म्हणून माझी सगळी नोकरी झाली. किती घरांत आजीबाई एवढ्याच बोलण्यावर राजी झाल्या आहेत. रीतही राहते आणि बाळाचंही भलं होतं. खरी ओढाताण मुलग्यांच्या बाबतीत होते. त्यांना सम महिना लागतो, म्हणून 'सहावा लागला' की चाटवतात, तेव्हा पाचच महिने पुरे झालेले असतात. तिथे मी सांगायचे, सहावा संपता संपता विधी करा आणि घास त्यानंतर सुरू करा. आठव्यापर्यंत थांबणं मात्र बाळाच्या मुळावर येतं.

कराडच्या ताई सांगतात ते खोटं नाही, युरोपात चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान मुभा देतात. पण जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध सांगतात, त्याला आपल्या पाण्याचंही कारण आहे. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, वाटी धुतली त्याच पाण्यात, चमचा ठेवला ओट्यावर. पाच महिन्यांच्या बाळाला जुलाब लागले की महिन्याची वजनाची कमाई चार दिवसांत उतरते. शिवाय पेजेने पोट भरलं की अंगावर पिणं कमी होतं, आणि पिणं कमी झालं की दूधही आटत जातं.

सहा महिन्यांनंतर रेंगाळायचं का नाही, तेही ऐक. जन्माच्या वेळी बाळ अंगात लोहाचा साठा घेऊन येतं. पुऱ्या दिवसांच्या बाळाला तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं, म्हणून त्यानंतर ते अन्नातूनच मिळायला हवं. दूध चालूच ठेवायचं, दोन वर्षं आणि पुढेही, पण नुसत्या दुधावर भागत नाही.

१८० दिवस झाले की बाळ काय सांगतंय ते बघ. मांडीवर टेकवून बसवलं तर मान ताठ राहते का, हातात आलेली वस्तू तोंडात घालते का. आणि जीभ बघ. चमच्याच्या टोकावर थोडा मऊ भात घेऊन ओठाला लावला की लहान बाळाची जीभ आपोआप पुढे येते आणि भात हनुवटीवर ओघळतो. आई म्हणते, हिला चव आवडली नाही. तसं नसतं, ती जीभ अजून फक्त ओढून प्यायलाच शिकलेली असते. तोंडात आलेलं ती मागे ढकलून गिळायला लागली की समज, वेळ आली.

आणि सुरू करशील तेव्हा डाळीचं पाणी देऊ नकोस. हे मी जन्मभर सांगत आले आणि अजून सांगते. बाळाचं पोट केवढंसं, किलोमागे साधारण तीस मिली. तुझ्या मुलीच्या वजनाला एकदम दोनशे मिलीच्या आसपास मावणार. ते वरच्या निवळ पाण्यानं भरलं तर भूकही गेली आणि अंगीही काही लागलं नाही. डाळ तांदळातच शिजव, वाटीत चमच्याच्या पाठीनं पार घोट, वर अर्धा चमचा तूप घाल. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळू नये इतका घट्ट हवा. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोन वेळा दोन-तीन चमचे, मग हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. घरात अंडं खात असाल तर पूर्ण उकडून तेही लवकर सुरू कर, वर्षाची होईपर्यंत थांबवायचं काही कारण नाही. मीठ-साखर मात्र वर्षभर नको.

बेदाण्याचं पाणी, गुटी, मध, यातलं आत्ता काहीही देऊ नकोस. काकूंचा बेदाणा तू खा, तुला त्याची गरज आहे. मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातल्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. नुसतं अंगावर पिणारं बाळ कधीकधी चार दिवस शी करत नाही. झाली की मऊ होते ना? पोट मऊ लागतं, खेळतं, पितं, तर ते बद्धकोष्ठ नव्हे.

एक लक्षात ठेव. साडेतीन महिन्यांच्या डोसनंतर सरकारी लसीकरणाची पुढची फेरी थेट नऊ महिन्यांना येते, आणि खाणं सुरू होतं नेमकं मधल्या काळात. म्हणून सहाव्या महिन्याच्या भेटीला आशाताई येतील तेव्हा त्यांना बसवून सगळं विचार. लोहाचं औषध सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिली देतात, त्याचीही चौकशी कर.

साताऱ्याचा बाबा

आमचा मुलगा सात आठवडे आधी जन्मला, त्याच्यासाठी डॉक्टरांनी बाळंतपणाच्या आधी दिलेल्या मूळ तारखेवरून महिने मोजायला सांगितले होते. त्यामुळे कुणाचं बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर वरचा हिशेब परस्पर लावू नका.

नोकरीबद्दल सांगतो. बायको बँकेत जाते. रुजू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून तिने रोज सकाळी दूध काढायची सवय लावली. स्टीलच्या छोट्या झाकणाच्या डब्या उकळून घ्यायच्या, वर तारीख-वेळ लिहायची आणि लगेच फ्रीजमध्ये, चोवीस तासांत संपवायचं. बाहेर चार तासांच्या वर ठेवत नव्हतो, उन्हाळ्यात तेवढंही नाही. द्यायच्या वेळी डबी गरम पाण्यात धरायची, गॅसवर ठेवायची नाही. बाटली आणलीच नाही. आमची आई वाटी-चमच्याने पाजायची. पहिले चार दिवस मुलानं अर्धं सांडलं, मग दोघांनाही जमलं. वीज गेली तर फ्रीज उघडायचा नाही, एवढं घरात सगळ्यांना बजावून ठेवा. आणि आजीला हे आधीच शिकवा, रुजू व्हायच्या आदल्या रात्री नको.

तासगावची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना सातव्या महिन्याचं सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजून बघितलं आणि लगेच भावाला फोन करून पुढची तारीख दिली. दूध काढायला उद्यापासून सुरुवात करते, वाटी-चमच्याचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलंय. त्यांचे दोन प्रश्न आहेत. खीर बिनसाखरेची चाटवली तर चालेल का? आणि त्यांना नाचणीचं सत्त्व करून ठेवायचंय, ते चांगलं ना?

निवृत्त एएनएम, दहिवडी

चालेल की. तांदूळ मऊ शिजवून घोटायचे, तुझंच दूध घालून सैल करायचे आणि गोडीला पिकलेलं केळं कुस्करायचं. मामाच्या हातून एक बोट, बास.

सत्त्व म्हणजे गाळून खाली बसलेला साका. त्यात पिठूळपणा राहतो, सालाबरोबरचं बरंचसं पोषण चोथ्यात निघून जातं. त्यापेक्षा नाचणीला मोड आणायला सांग. रात्रभर भिजवून फडक्यात बांधायची, बारीक पांढरे मोड दिसले की सावलीत सुकवून मंद आचेवर भाजायची आणि दळून आणायची. मोडांमुळे लोह अंगाला जास्त लागतं आणि खीरही गुठळी होऊन बसत नाही, त्यामुळे पाणी न वाढवता जास्त पीठ घालता येतं. दळताना गिरणीत आधी मिरची-मसाला झालेला नाही ना, तेवढं विचारून घ्या. एका वेळी थोडंच करा, पावसाळ्यात पिठाला लवकर वास लागतो.