सागरवेणी स्वतःची स्वतः कशी घालायची?

खिडकीची_सीट

माझं वय ४१, केस कमरेपर्यंत, आणि आजवर सागरवेणी स्वतःच्या हाताने घातलेली नाही. हसून घ्या.

आई आमच्याच मजल्यावर राहते, कन्नमवार नगरात. डबे भरून झाले की मी तिच्याकडे जायचे. ती पलंगावर, मी खाली तिच्या गुडघ्यांत, हातात चहा. चहा संपायच्या आत वेणी तयार. मार्चमध्ये तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण अंगठा अजून नीट वळत नाही. म्हटलं, निदान कशी घालतेस ते सांग. तर म्हणते, "असं गं, असं घ्यायचं नि असं टाकायचं." आता ते "असं" इतकी वर्षं माझ्या पाठीमागे चाललं होतं, मी बघणार कधी?

साधी तिपेडी येते, खांद्यावरून पुढे घेऊन. पण विक्रोळीहून स्लो पकडून सीएसएमटीला जाते, आणि तिपेडीत कानाजवळचे केस सुटतात. गेल्या आठवड्यात कुर्ल्याला उतरणाऱ्या बाईच्या बॅगेची चेन माझी बट घेऊनच निघाली होती. त्यात पार्लरमध्ये "नुसती टोकं काप" म्हटलं, तर पुढचे केस हनुवटीपर्यंत आले.

व्हिडिओ पाहिले. बहुतेक जणी दुसरीच्याच डोक्यावर घालून दाखवतात. दोन आरसे लावून पाठ बघितली तर हात भलत्याच दिशेला जातो. चौथ्या वळशाला दंड भरून येतात आणि कुठला पेड कुठे होता तेच विसरते. कुणी शब्दांत सांगेल का?

भांडुपची_मामी

अगं, आरसा आधी सोड. वेणी बोटांनी बघायची असते. भिंतीकडे तोंड करून बस, पाहिजे तर डोळे मीट.

केसांत हात घालायच्या आधी एक कर. तीन रंगांच्या नाड्या घे, खिडकीच्या गजाला बांध आणि त्यांची वेणी घालत बस. उजवा पेड मधल्यावरून, मग डावा मधल्यावरून. बोलता बोलता हात चालायला लागले की मग डोक्याकडे वळ. मी माझ्या सुनेला असंच शिकवलं. तिने दोन दिवस तोंड वाकडं केलं, तिसऱ्या दिवशी आलं.

आता डोकं. केस कोरडे हवेत, आणि त्याच दिवशी धुतलेले नकोत, फार सुळसुळतात. कपाळावरून तीन बोटं रुंद केस घे, त्याचे तीन पेड कर. पहिले दोन वळसे साध्या वेणीसारखे. तिसऱ्यापासून प्रत्येक वेळी पेड मधल्यावरून टाकायच्या आधी त्याच बाजूची एक बारीक बट त्यात मिसळायची. उजव्या पेडात उजवीकडची, डाव्यात डावीकडची. बस, सागरवेणी म्हणजे एवढंच.

तुझं घोडं कुठे अडतंय ते सांगते. तीन पेड दोन हातांत धरून चौथी बट उचलायला हात उरत नाही, खरं ना? दोन पेड एका हातात ठेव, मध्ये बोट घालून. दुसऱ्या हाताच्या चिमटीत तिसरा पेड, आणि त्याच हाताच्या करंगळीने कपाळाच्या कडेपासून रेघ मारत बट ओढून आण. बट त्या पेडात घाल, पेड टाक, हात बदल. हात डोक्याला चिकटून ठेवायचे, लांब धरलेस की वेणी लोंबलीच.

दंड भरून येणारच. अर्ध्यावर क्लचर लाव, हात खाली सोड, चहा पी. कुणी बक्षीस लावलेलं नाही.

नऊ_दहाची_फास्ट

मामी, "चहा पी" सोडून सगळं फोनमध्ये उतरवून घेतलं. चहा मी आधीच पिते.

कानशिल

मामींशी सहमत, फक्त वेणी फार घट्ट घालण्याबद्दल सांगते. शाळेत माझ्या दोन वेण्या इतक्या आवळून असायच्या की भुवया वर जायच्या. पुढे नोकरीतही तीच सवय. पस्तिशीत कानशिलांवर केस विरळ दिसायला लागले. त्वचेच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया. सतत ओढ बसून मुळं दुखावतात. वेळेत थांबवलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर तिथे येतच नाहीत. माझे उजवीकडचे आले, डावीकडे अजून टक्कल झाकत फिरते.

तेव्हा ताई, वेणी झाल्यावर भुवया उडवून बघा. कातडी ताणली तर सोडून परत घाला. आणि ओल्या केसांची वेणी नको. ओला केस लवकर तुटतो, शिवाय आपल्या पावसाळ्यात तो वेणीच्या आत संध्याकाळपर्यंत वाळत नाही. वास येतो तो वेगळाच.

खिडकीची_सीट

नाड्या बांधल्या. मुलगा विचारत होता राख्या करतेस का.

रविवारी तीन वेळा घातली. कपाळापासून कानापर्यंत छान, मला स्वतःलाच खरं वाटेना. पण मानेपाशी केसांची झोळी होते. आणि शेवट खांद्यावरून पुढे घेतला की तिथे पीळ पडतो. हनुवटीएवढ्या बटाही बाहेर येतातच.

भांडुपची_मामी

मान खाली घातलीस ना? सगळ्या घालतात. वाकून घातलेली वेणी ताठ उभं राहिलं की सैल पडते. हनुवटी वर ठेव, छताकडे बघ.

पीळ पडतो कारण वेणी पुढे घेताना हाताची दिशा बदलते. कडेचे केस संपले की लगेच पुढे घेऊ नकोस. मागेच आणखी दोन-तीन वळसे साधे घाल, पेड पक्के धर, मग आण.

छोट्या बटांना तळहातावर खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळून हात फिरव. तरी निघाल्या तर काळे आकडे खोचायचे. केस महिन्याला सेंटीमीटरभरच वाढतो, तोवर आकड्यांशीच संसार.

खिडकीची_सीट

आज घालून गेले. एकोणीस मिनिटं लागली, एक स्लो सुटली. कुर्ल्याला कुणाच्या चेनमध्ये काही गेलं नाही.

संध्याकाळी आईकडे गेले. तिने दुखऱ्या हातानेच वरून खाली बोटं फिरवली आणि म्हणाली, "डावीकडून बट बारीक घेतेस." बघितलं नव्हतं तिने, दिवे गेले होते. मामी, बोटांनी बघायची म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

आता नाड्या सोडवायच्या आहेत. तीन परकरांच्या काढल्या होत्या, दोन परकर तसेच पडलेत.