मदत हवी आहे : आदिपाप आणि माझ्या बहिणीचं बाळ

सर्वांना जय ख्रिस्त. मी जालन्याची. धाकट्या बहिणीला पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत कळलं, बाळाची कवटीच तयार झालेली नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने गर्भपात केला. आता मावशी म्हणते, बाप्तिस्मा नाही, लेकरू आदिपापातच, म्हणजे आदामापासून प्रत्येकाला जन्मतःच लागणाऱ्या पापातच गेलं. तेव्हापासून बहीण विणलेलं पिवळं टोपडं उशाशी घेऊन झोपते.

प्राचीन काळचे ख्रिस्ती धर्मगुरू संत ऑगस्टीन तसंच मानत, हे खरं. पण कॅथलिक चर्चच्या ईश्वरविद्या आयोगाने २००७ मध्ये अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे, असं मांडलं. बायबलमधल्या यहेज्केल १८:२० प्रमाणे तर बापाचं पाप लेकराच्या माथी नाही. मी अडते ती स्तोत्र ५१:५ वर. तिथं दावीद राजा म्हणतो, आईने गर्भ धारण केला तेव्हापासूनच मी पापी आहे. गर्भ माणूसच आहे याला पुरावा म्हणून गर्भपातविरोधक तेच वचन दाखवतात. मला तर तिथं दावीद स्वतःच्या पापासाठी रडताना दिसतो.

तुमच्या मंडळीत हे वचन कसं शिकवतात? आणि जालना-संभाजीनगर भागात घरी येऊन, तिला दोष न देता बोलतील असे पाळक कुणाला माहीत आहेत का?