सेल्फ-एफिकसीला मराठीत काय म्हणावं? आत्मविश्वास चालेल का?

बी.एड.साठी एक चॅप्टर मराठीत करतेय, मुलांना स्वतःच्या कुवतीबद्दल काय वाटतं आणि त्याने मार्कांवर काय फरक पडतो असा विषय आहे, त्यात दर दोन ओळींनी सेल्फ-एफिकसी येतं. मी सगळीकडे आत्मविश्वास लिहिलं, मॅडमनी लाल गोल केलेत. काय लिहू?

—

मॅडमचं बरोबर आहे हो. आत्मविश्वास आपण एकूण माणसाबद्दल बोलतो. गॅदरिंगला स्टेजवर धडाधड बोलणारा मुलगा वर्गसमीकरण दिसलं की पेन खाली ठेवतो, त्याचं काय म्हणणार? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरांनी १९७७ च्या लेखात ही कल्पना मांडली ती 'हे अमुक काम मला करता येईल' अशा वाटण्याबद्दल, म्हणजे कामागणिक वेगळं. आत्मसन्मान तर अजून तिसरंच. मी 'स्वक्षमतेवरचा विश्वास' लिहिते.

—

लांबलचक होतंय ते. आपल्याकडे 'जमणं' आहे की! 'मला येतं' म्हणजे आत्ता अवगत आहे, 'मला जमेल' म्हणजे हात घातला तर होईल, सेल्फ-एफिकसी ती हीच. बांडुरा आणि शंक यांचा १९८१ चा प्रयोग बघा, वजाबाकीत फार कच्ची असलेली मुलं, ७ तासिका, ४२ पानं, काहींना सांगितलं रोज ६ पानं करा आणि काहींना शेवटपर्यंत ४२ संपवा, तर ६-६ पानंवाल्यांची वजाबाकीही जास्त सुधारली आणि आपल्याला येईल हा भरवसाही जास्त वाढला. रोज काहीतरी 'जमलं' म्हणून उद्याचं 'जमेल' आलं. नुसतं 'तू करू शकतोस' म्हणून पाठ थोपटली तर ते टिकत नाही, पहिलं गणित चुकलं की गेलं.

—

मी झेडपीच्या शाळेत शिकवतो. 'जमेल'ला पूर्ण पाठिंबा, पण उलट्या बाजूचे शब्द आपल्याकडे किती तयार आहेत बघा, ढ, मठ्ठ, दगड. ढ हे अक्षर ब्राह्मीपासून फारसं बदललं नाही, म्हणून न सुधारणाऱ्या पोराला ढ म्हणतात असं सांगतात, व्युत्पत्ती खरी असो नसो, पोरं अर्थ तोच घेतात. सहावीतली एक मुलगी म्हणाली सर मी गणितात ढ आहे. वही घेऊन बसलो तर ५०० वजा २६७ मध्ये शून्य आलं की तिचा हातचा चुकत होता, बाकी सगळं बरोबर! आठवडाभर फक्त तेवढंच केलं, रोज पाचच गणितं. नंतर ती 'ढ' म्हणायची नाही, 'शून्यावर चुकतं' म्हणायची, आणि मग तेही बंद झालं. वर्गात मी ढ शब्द कुणालाच वापरू देत नाही.

—

सर, ही वजाबाकी चॅप्टरमध्ये घेऊ का? आणि पहिल्यांदा 'स्वक्षमतेवरचा विश्वास' लिहून पुढे सगळीकडे 'जमेलसं वाटणं' करते. फक्त 'हाय सेल्फ-एफिकसी असलेली मुलं' कसं करायचं?

—

घ्या की. 'हे आपल्याला जमेल असं ठामपणे वाटणारी मुलं' करा. 'उच्च' वगैरे लावू नका, रक्तदाब वाटतो.